बावन्न हजार आणि दोनशे तीस वॅट

कयलला गेले तीन आठवडे झोपेतही लॅपटॉप दिसत होते. कुठल्या यंत्रात कुठलं ग्राफिक्स कार्ड, कुणाचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे घोंघावतात, कुणाची बिजागरी सहा महिन्यांत मान टाकते, सगळं तिला तोंडपाठ होतं. एवढी चौकशी लोक जावयाची करत नाहीत. गल्लीतल्या पोरांना दोन वर्षं गणित शिकवून तिने चाळीस हजार साठवले होते, वरचे बारा अप्पांनी कबूल केले होते, आणि या बावन्न हजारांच्या चौकटीत बसणारं एकच यंत्र अख्ख्या त्रिचीत आहे अशी तिची खात्री झाली होती. ते मेन गार्ड गेटजवळ नेल्लैयप्पन अण्णाच्चींच्या दुकानात, रस्त्याकडच्या काचेमागे ठेवलेलं होतं. कॉलेजच्या बसमधून ती रोज त्याला बघायची. त्याच्या कीबोर्डखालून निळे-जांभळे दिवे पळायचे आणि हिचं काळीज त्यांच्यामागे पळायचं.

आजवर ती तेन्नूरच्या एका गेमिंग सेंटरमध्ये तासावर पैसे भरून खेळत होती. मागच्या महिन्यात त्या सेंटरने कुलूप लावलं. घरी होता तो लॅपटॉप मामेबहिणीला सरकारकडून फुकट मिळालेला आणि तिने हिच्या गळ्यात मारलेला. त्यावर गेम सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची आणि समोरचा गोळी झाडून चहाला गेला तरी हिचा माणूस अजून पायरीवरच असायचा. पाच जणांची टीम, कयल तिची कॅप्टन, आणि येत्या रविवारी राज्याची पात्रता फेरी. शेवटी टीमने तोंडावर सांगितलं की आज चार वाजता सराव सामना आहे. कयल नव्या यंत्रावर उतरली तर रविवारी कॅप्टन तीच, नाही तर कोइमतूरचा रागवन. रागवन बिचारा वाईट मुलगा नव्हता, पण त्याच्याकडे सव्वा लाखाचं यंत्र होतं, आणि ते तो दिवसातून तीनदा आठवण करून द्यायचा.

आता हे सगळं तिने घरी सांगितलं होतं का? छे. घरी तिने ‘कॉलेजचा प्रोजेक्ट’ असं सांगितलं होतं. खेळासाठी पैसे मागायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असा तिचा हिशोब.

अम्माची हरकत वेगळीच निघाली. “आडीचा महिना चालू आहे,” सेंबगम म्हणाली. “आडीत घरात नवी वस्तू आणतात का कुणी?”

आणत नाहीत, हे खरंच; आडी म्हणजे तमिळ आषाढ, शुभकार्याला वर्ज्य. कुणी आणत नाही म्हणून दुकानदार आडीत किमती पाडतात, आणि किमती पडल्या म्हणून अख्खा तमिळनाडू आडीतच दुकानांत घुसतो. यात काही विसंगती आहे असं तिकडे कुणालाच वाटत नाही. शेवटी तोड निघाली ती आडीच्या अठराव्या दिवसाची. त्या दिवशी कावेरीची पूजा असते, आणि त्या दिवशी घरात जे येतं ते वाढतं म्हणतात.

“लॅपटॉप वाढून काय होणार गं अम्मा?”

“तुझी अक्कल वाढली तरी पुष्कळ,” असं म्हणून सेंबगमने चिंचभाताचा डबा तिच्या हातात दिला.

म्हणून आज, आडीच्या अठरावीला, दुपारी दोन वाजता बाप-लेक बसच्या दांड्याला लोंबकळत निघाले होते. घाटाकडे जाणाऱ्या बायकांच्या गर्दीत बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाहेर वारा पिसाटला होता. आडीच्या वाऱ्यात पाटावरवंटाही उडतो म्हणतात. त्या दिवशी निदान दुकानांच्या पाट्या तरी उडत होत्या, आणि पाट्या उडाल्या की विजेच्या तारा तुटतात. तारा तुटल्या की मासिलामणीचा फोन वाजतो.

मासिलामणी म्हणजे कयलचे अप्पा. वीज मंडळात सत्तावीस वर्षं वायरमन, उरैयूर विभागात. तिकडे दिवे गेले की लोक मंडळाला जो फोन लावतात त्याला ‘फ्यूज ऑफ कॉल’ म्हणतात. मंडळाच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे, आणि कागदावरून ते म्हाताऱ्या आज्ज्यांच्या तोंडीही बसलं आहे. मासिलामणीचा स्वतःचा नंबर निम्म्या उरैयूरला पाठ असल्यामुळे जेवताना, आंघोळीला, लग्नात, मयतात, कुठेही त्याला फ्यूज ऑफ कॉल यायचा. आज त्याने अर्धी रजा टाकली होती. चार वाजता हजर व्हायचं होतं.

“किती वेळ लागेल, पाप्पा?” बसमध्ये त्याने विचारलं. लेकीला तो लाडाने पाप्पाच म्हणायचा.

“अर्धा तास, अप्पा. मी ठरवूनच ठेवलंय.”

“ठरवून लग्न होतं. खरेदी बघून होते,” मासिलामणी म्हणाला.

नेल्लैयप्पन अण्णाच्चींचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. दारावर कापडी फलक: कुठलाही लॅपटॉप घ्या, पाच लिटरचा कुकर मोफत. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले अण्णाच्ची काउंटरमागे बसले होते. तिरुनेलवेलीकडचा माणूस, बोलायला लागला की समोरच्याचे पैसे आपोआप खिशातून वर यायचे.

“या सार, या! बसा. मुलीला का? कशासाठी हवाय?”

कयलने तोंड उघडलं, पण अप्पा जवळच होते आणि त्यांचा आवाज मोठा होता. “कॉलेजचा प्रोजेक्ट आहे,” ते अभिमानाने म्हणाले. “इंजिनियरिंग. दुसरं वर्ष.”

“मग सार, उगीच जास्त खर्च कशाला?” अण्णाच्चींनी एक चंदेरी, पातळ, कागदी वहीएवढा लॅपटॉप पुढे सरकवला. “अडतीस हजार पाचशे. हलका. प्रोजेक्ट म्हणजे काय, लिहायचं आणि छापायचं. देवाशप्पथ सांगतो, माझ्या मुलीलाही हाच दिलाय.”

मासिलामणीचा चेहरा उजळला. बावन्नचे अडतीस! त्याने लॅपटॉप उचलून बघितला, नखाने टिचकी मारली, कुकरचाही खोका उघडून बघितला आणि कुकरचा फोटो काढून बायकोला पाठवूनही दिला. “पाप्पा, तुझे साडेतेरा हजार वाचले,” तो म्हणाला. “पावती करा, अण्णाच्ची.”

कयलला घाम फुटला. काचेमागे तिचं यंत्र निळं-जांभळं होत होतं आणि इथे तिची स्वतःची थाप तिच्यावरच उलटली होती. घड्याळात दोन पन्नास झाले होते. अण्णाच्चींनी पावती पुस्तक उघडलं, पेन झटकलं.

“अप्पा, नको.”

“काय नको?”

“हा नको. यावर... यावर चालणार नाही.”

“काय चालणार नाही?”

“गेम,” कयल म्हणाली.

अण्णाच्चींचं पेन हवेतच थांबलं. मग तिने बांध फुटल्यासारखं सगळं सांगितलं. प्रोजेक्ट नाही. टीम आहे, पाच जण, ती कॅप्टन आहे. तीन वर्षं झाली. आज चार वाजता सामना आहे, आणि आज ती उतरली नाही तर रविवारी रागवन. बोलता बोलता तिचा आवाज चिरका झाला होता. त्याचा तिला राग आला आणि मग तो आणखीच चिरका झाला.

मासिलामणीने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं, असं कयलला वाटलं.

“म्हणजे खेळ,” तो म्हणाला. “बावन्न हजारांचा. आणि तीन आठवडे मी सेक्शन ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरतोय, माझ्या मुलीचा प्रोजेक्ट, माझ्या मुलीचा प्रोजेक्ट.”

एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

काचेतून खाली चहाची टपरी दिसत होती. अप्पा तिथे पाठमोरे उभे होते, वाऱ्याने शर्ट फुग्यासारखा फुगला होता. त्यांनी चहा घेतला. फोन आला, बोलले. कुणाला तरी हाताने खांबाची दिशा दाखवल्यासारखं हवेत दाखवलं. कयलला वाटलं, आता ते तसेच ड्यूटीवर जाणार, आणि आपण चाळीस हजार घेऊन इथे मठ्ठासारखे उभे. तीन वाजून पाच मिनिटं झाली.

जिन्यावर चपला वाजल्या.

“दाखव,” मासिलामणी म्हणाला.

“काय?”

“तो खेळ. बारा हजार माझे आहेत ना त्यात? माझे बारा हजार कशात चाललेत ते बघू दे तरी.”

कयलने काचेकडे बोट केलं. दुकानात दुरुस्तीचं काम करणारे आरोक्यसामी, पन्नाशीला टेकलेले, चष्मा डोक्यावर चढवलेला, त्यांनी ते निळं-जांभळं यंत्र काढून टेबलावर मांडलं. गिऱ्हाइकांना दाखवायला गेम त्यात टाकलेलाच होता. एक्कावन्न हजार नऊशे नव्वद, कार्ड चांगलं, सोळा जीबी. कयलने आपलं खातं उघडलं, स्पीकर चालू होता, दणदणीत संगीत वाजलं आणि पडद्यावर तिचं नाव आलं.

आरोक्यसामींनी चष्मा डोळ्यांवर ओढला. वाचलं. आणि ते जवळजवळ किंचाळलेच.

“फ्यूज ऑफ कॉल!”

मासिलामणी ताडकन सरसावला. “कुठे? कुठली गल्ली? तार खाली पडलीय की नुसता फ्यूज?” एक हात मागच्या खिशातल्या पकडीवर, दुसरा फोनवर.

“अहो सार, तसा नाही! हा!” आरोक्यसामी पडद्यावर बोट आपटत होते. “ही! ही फ्यूज ऑफ कॉल! सार, माझा मुलगा आणि मी दर शनिवारी नेटवर यांचे सामने बघतो. फ्यूज ऑफ कॉल आला की समोरच्या टीमचे दिवे गेलेच समजायचं. आम्हाला वाटायचं कुणीतरी मदुरैचा दाढीवाला असेल. ही पोरगी?”

मासिलामणी पडद्याजवळ वाकला. नाव इंग्रजीत होतं. तो एकेक अक्षर लावत गेला, जसा तक्रारीच्या वहीत लावायचा. एफ, यू, एस, ई.

“हे नाव तू ठेवलंस?”

“खातं उघडताना गेम नाव टाक म्हणत होता,” कयल खाली बघत म्हणाली, “आणि तेवढ्यात तुमचा फोन वाजला होता. बाहेर पाऊस होता, तुम्ही हातातला घास टाकून गेलात. मला दुसरं काही सुचलंच नाही.”

“किती लोक ओळखतात या नावाने?”

“नऊ हजार,” आरोक्यसामी मध्येच म्हणाले. “नऊ हजार लोक तरी बघतात, सार.”

मासिलामणीने हात पकडीवरून काढला. “कमाल आहे,” तो म्हणाला. “बाप सत्तावीस वर्षं लोकांचे दिवे लावतोय आणि मुलगी घालवतेय.” पण हे म्हणताना त्याने स्टूल तिच्या खुर्चीच्या अगदी जवळ ओढला होता. कयलला हसूच आलं.

मग ती खेळायला लागली. काय ते यंत्र! कोपऱ्यात दर सेकंदाला किती चित्रं पळतात तो फ्रेमचा आकडा एकशे दहाला टेकला आणि सगळं लोण्यासारखं सरकायला लागलं. तीन आठवडे जिच्यासाठी झुरली ती चीज बोटांखाली होती. पाच मिनिटं ती स्वर्गात होती. सहाव्या मिनिटाला पंखे ओरडायला लागले. आठव्या मिनिटाला आकडा नव्वद, मग सत्तर, मग बावन्न. ती कोपऱ्यावर वळली, समोर शत्रू, हिने बटण दाबलं, चित्र अडखळलं, आणि हिचाच माणूस आडवा झाला.

“नेट असेल,” अण्णाच्ची घाईने म्हणाले. “सणाचा दिवस, सगळे नेटवर.”

“नेट नाही,” कयल म्हणाली. तिला रडू येत होतं. सगळ्या व्हिडिओंत हेच कार्ड, हाच नंबर, आणि कुठेही असं होत नव्हतं. “कार्ड तर तेच आहे. नंबर तोच आहे!”

मासिलामणीला यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण ज्याला विजेच्या वस्तूचं पोट उलटं करून बघायची सवय लागली तो लग्नातल्या मिक्सरलाही सोडत नाही. त्याने टेबलाखालून चार्जरचा ठोकळा उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

“साडेएकोणीस व्होल्ट,” तो पुटपुटला. “सहा पूर्णांक पंधरा अँपियर.” ओठ हलले. “एकशे वीस वॅट.”

“हो, म्हणजे काय झालं?” अण्णाच्ची म्हणाले.

“या पडद्यासकट, पंख्यासकट, या दिव्यांच्या माळेसकट सगळ्या घराला एकशे वीस. मग ते कार्ड म्हणताय त्याच्या ताटात काय पडणार?” मासिलामणी आता स्टूलवरून उठला होता. त्याचा चेहरा खांबावर चढायच्या आधी होतो तसा झाला होता. “अण्णाच्ची, एक एचपीची पाटी लावून अर्ध्या एचपीची मोटर विकणारे मी रोज बघतो. मोटरवरची पाटी कुणीही रंगवतं. खरं काय ते वायर सांगते. याच नंबरचं कार्ड असलेलं दुसरं काही आहे? मोठ्या चार्जरचं?”

अण्णाच्चींनी आढ्याकडे बघितलं. आरोक्यसामींनी मात्र सरळ सांगून टाकलं. “आहे सार. आतल्या कपाटात. मागच्या वर्षीचा. आणि तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. कंपन्या एकाच नंबरचं कार्ड कमी वॅटवरही देतात. यात पन्नासवर बांधलंय, त्यात पंच्याण्णववर. नंबर तोच.”

“नाव सोनूबाई,” मासिलामणी निळ्या-जांभळ्या दिव्यांकडे बघत म्हणाला.

आतून जे आलं ते बघून कयलचा चेहरा पडला. काळा, जाड, शाळेच्या दप्तरासारखा जड. एकही रंगीत दिवा नाही. झाकणावर हातभर ओरखडा, कारण वर्षभर तो दाखवायला म्हणून मांडून ठेवलेला. चार्जर तर विटेएवढा. मासिलामणीने वीट हातात तोलली, उलटी केली आणि मोठ्याने वाचली. “वीस व्होल्ट. साडेअकरा अँपियर. दोनशे तीस!” एखाद्याला लॉटरी लागल्यासारखा तो हसला. “पाप्पा, हा घे. हा जेवतो.”

कयलने पुन्हा खातं उघडलं. एकशे पाच. पाच मिनिटांनी एकशे चार. दहा मिनिटांनी एकशे सहा. पंखे एकसुरात, तक्रार न करता फिरत होते. दिवे नसले म्हणून काय झालं, तिच्या अंगावर शहारा आला. तीन आठवडे ती भलत्याच मांडवात बसली होती!

“पंचावन्न हजार,” अण्णाच्ची म्हणाले.

घड्याळात तीन बेचाळीस.

“बावन्न आहेत,” मासिलामणी म्हणाला.

“सार, आधीच पाडलेली किंमत आहे. आडीची.”

“अण्णाच्ची, आज अठरावी. आज सोडाल ते वाढून येईल तुमच्याकडे.”

“मग तुम्हीच आज तीन हजार जास्त द्या की, सार! तुमचे वाढतील.”

आरोक्यसामी तोंड फिरवून हसले. मासिलामणीलाही हसू आवरेना, पण त्याने माघार घेतली नाही. ओरखडा दाखवला. धूळ दाखवली. बिजागरीचा आवाज काढून दाखवला. अण्णाच्ची साडेत्रेपन्नावर आले आणि तिथे बैलासारखे बसले. तीन एकोणपन्नास. कयलने फोन बघितला. टीममधल्या वाणियंबाडीच्या इम्रानचा निरोप होता: रागवन आलाय. तू?

“माझा सामना दहा मिनिटांत आहे,” ती म्हणाली. “घरी पोचणं शक्यच नाही. अण्णाच्ची, इथेच बसून खेळू द्याल?”

“विकत घेतलेला असेल तर दिवसभर बस, पोरी. नाही तर माझी वस्तू तासभर का तापवू?”

मासिलामणीने एकदा मुलीकडे बघितलं. मग तो काउंटरकडे वळला आणि तिथल्या भेटवस्तू एकेक करून अण्णाच्चींच्या बाजूला सरकवायला लागला. “ही बॅग ठेवा तुमच्याकडे. हा माऊस ठेवा, तिच्याकडे आहे. हे व्हायरस मारायचं औषध ठेवा.” आणि शेवटी, एक दीर्घ श्वास घेऊन, “हा कुकर पण ठेवा.”

“अप्पा! अम्माला फोटो गेलाय!”

“माहितीय,” मासिलामणी म्हणाला. अकरा हजार व्होल्टच्या तारेखाली काम करताना त्याच्या आवाजात नसलेली भीती त्या क्षणी होती. “तुझ्या अम्माला मी बघून घेतो. बावन्न, अण्णाच्ची. रोख.”

अण्णाच्चींनी कुकरकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आरोक्यसामींच्या हात जोडलेल्या मुद्रेकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून त्यांनी पावती पुस्तक ओढलं. “घ्या, सार. पण कुणाला सांगू नका, माझी अब्रू जाईल.”

तीन सत्तावन्नला पावती फाटली. तीन एकोणसाठला कयलच्या कानांवर दुकानाचे हेडफोन होते, आणि मासिलामणी तिच्या मागे उभा होता.

पहिला डाव ते हरले. रागवन पलीकडून सारखा स्वतःच हुकूम सोडत होता. इकडे जा, तिकडे जा, दोघं माझ्यामागे. दुसऱ्या डावात तो तसाच एकटा दारातून घुसला आणि मेला. हेडफोनमध्ये एकदम चार जणांचा गलका उठला.

“गप्प,” कयल म्हणाली.

तिने आवाज वाढवला नव्हता. पण तो आवाज ऐकून मासिलामणीने मान वर केली.

“सगळे जागच्या जागी. मी सांगितल्याशिवाय कुणी हलायचं नाही. इम्रान, दारावर नजर ठेव, आत जाऊ नको. आत कोण आहे ते कळल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही.”

हे तो ओळखत होता. खांबावर माणूस चढलेला असताना, लाइन खरंच बंद आहे की नाही हे कळेपर्यंत तो खालून असाच बोलायचा. सत्तावीस वर्षांत त्याच्या गँगमधल्या एकाही माणसाला झटका बसला नव्हता, तो या आवाजामुळे. हा आवाज त्याने मुलीला कधी शिकवला नव्हता. तिला तो कुठे मिळाला हे आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

“आता,” कयल म्हणाली.

तिघं एकदम आत गेले. पडद्यावर काय चाललंय ते मासिलामणीला दिसतही नव्हतं इतकं भराभर होत होतं, पण आरोक्यसामी त्याचा दंड धरून उड्या मारत होते, त्यावरून चांगलं चाललं असावं. दुसरा डाव जिंकला. तिसराही. कोपऱ्यातला आकडा एकशे चारवरून हलला नव्हता. अण्णाच्चीही काउंटर सोडून मागे येऊन उभे राहिले होते. दोन गिऱ्हाइकं मघापासून ताटकळत होती, त्यांना ते म्हणाले, “थांबा हो जरा.”

सामना संपला. मग रागवनच म्हणाला, “फ्यूज, रविवारी तूच सांग. आम्ही ऐकतो.” आणि तो खरंच चांगला मुलगा होता म्हणून पुढे म्हणाला, “माझ्या सव्वा लाखाला आज तुझ्या डब्याने हाणलं.”

कयलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंदाने तिला उड्या माराव्याशा वाटत होत्या, पण इम्रान लगेच, हेडफोनबाहेरही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, “कॅप्टन, सगळे जमलेच आहेत तर रविवारचा पहिला डाव आत्ताच बसवू या. अर्धा तास. येशील?”

तिने घड्याळ बघितलं. चार एकतीस. अप्पांना चारला हजर व्हायचं होतं. हा अडीच किलोचा डबा आणि ती चार्जरची वीट घेऊन सणाच्या गर्दीत एकटीने घरी जाणं जमणारं नव्हतं. अर्धा दिवस अप्पांनी दिला, बारा हजार दिले, कुकरही दिला. आणखी काय मागायचं? तिने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि ‘अप्पा, निघू या’ म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सेक्शनचा साहेब होता. त्याचा आवाज हातभर अंतरावरही ऐकू येत होता. कुठे आहेस, अर्धा तास उशीर झाला, दुसरी गँग पाठवू का?

“पाठवा, सार,” मासिलामणी म्हणाला. “मी येतो अर्ध्या तासात. हो, अजून दुकानातच आहे.”

साहेबाने काहीतरी विचारलं.

“नाही सार, खरेदी केव्हाच झाली,” मासिलामणी म्हणाला, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे बोलला. “माझी मुलगी ड्यूटीवर आहे. तिची माणसं वर चढलीत. ती सुटली की निघतो.”

त्याने फोन खिशात टाकला, चिंचभाताचा डबा उघडून तिच्या कोपराशी ठेवला आणि स्टूल ओढून बसला. कयलने हेडफोन कानावर नीट बसवला.

“आहे मी,” ती म्हणाली. “सगळे जागेवर या.”